स्कूटरचा पोचा

श्रोतेहो, निवृत्त शिक्षक बोलावयास बसला म्हणजे शाळा, परीक्षा किंवा हल्लींच्या मुलांचें शुद्धलेखन यांपैकीं कांहींतरी ऐकावें लागणार, अशी आपली समजूत होणें साहजिक आहे. मी मात्र आज पत्र्याच्या एका पोच्याविषयीं बोलणार आहें. विषय ऐकून कोणी रेडिओ बंद करण्यासाठीं हात पुढें केला असेल, तर त्यानें तो क्षणभर आंवरावा. ज्या घरीं दुचाकी आहे त्या घरीं हा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. आणि त्या वेळीं काय करावें, यापेक्षां काय करूं नये, हें ठाऊक असणें अधिक उपयोगी पडतें.

माझी स्कूटर चेतक जातीची आहे. नोकरीला बारा वर्षें झाल्यावर, १९९३ सालीं, ती मीं यवतमाळांतच एका गृहस्थाकडून जुनी विकत घेतली. रंग निळसर, आतां तो निळसर म्हणावा कीं राखी, याविषयीं घरांत दोन मतें आहेत. गेल्या भाद्रपदांत, गणपतीच्या दिवसांत, माझा नातू ती घेऊन फुलें आणावयास दत्त चौकाकडे गेला. एका वळणावर बारीक गिट्टी पसरलेली होती. गाडीचा वेग बेताचा होता. पण पुढचें चाक घसरलें आणि गाडी उजव्या अंगावर निजली. मुलाचें कोपर खरचटलें, इतकेंच. गाडीच्या उजव्या झांकणाला, ज्याला कारागीर लोक डोम म्हणतात त्याला, तळहाताएवढा पोचा आला आणि पुढच्या शील्डवर वीतभर लांबीचा ओरखडा उठला. मुलानें आपल्या खाऊच्या पैशांतून ब्रेकचा वांकलेला दांडा सरळ करून घेतला आणि गाडी पडवींत उजवी बाजू भिंतीकडे करून उभी केली. वर एक जुनी चादर टाकली. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यामुळें मी गाडीजवळ जात नव्हतों. एकोणीस दिवसांनीं चादर काढली, तेव्हां तो प्रकार मला दिसला.

पोच्यापेक्षां ओरखडा पाहून मला वाईट वाटलें. पोचा होता तसाच होता. पण ओरखड्यांत तांबूस गंज धरला होता आणि त्याच्या दोन्ही कांठांनीं रंगाखालीं बारीक फोड उठले होते. लोखंडाला गंज चढावयास पाणी आणि प्राणवायु दोन्ही लागतात, आणि भाद्रपदांत या दोहोंपैकीं कशाचाच तोटा नसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षां जास्त जागा लागते. म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि उचललेल्या रंगाखालीं पुन्हां पाणी शिरतें. पहिल्याच दिवशीं कोरड्या फडक्यानें पुसून त्या रेघेवर थोडें अस्तर लावलें असतें, तर काम तेथेंच थांबलें असतें. मीं मुलाला विचारलें, "त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?" तो म्हणाला, "आबा, तुम्ही रागावाल म्हणून." सदतीस वर्षें मीं वर्गांत हेंच उत्तर ऐकलें आहे. घरांतही तेंच ऐकावें लागेल, असें वाटलें नव्हतें.

आतां मूळ विषयाकडे येऊं. गाडी पडली म्हणजे आपली नजर प्रथम रंगाकडे जाते. ती प्रथम हाडाकडे जावयास पाहिजे. चेतकचें हाड कोठें असतें, हें समजण्यासाठीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. इटलींत पाँतेदेरा या गांवीं पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत तो बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानें घेणार कोण? तेव्हां कंपनीनें सामान्य माणसाला परवडेल अशी दुचाकी काढण्याचें ठरविलें आणि तें काम कॉर्रादीनो दास्कानियो या विमानविद्येंतील अभियंत्यावर सोंपविलें. या गृहस्थांना मोटरसायकल मुळींच आवडत नसे. तिच्या तेलानें कपडे खराब होतात आणि तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनीं यंत्र झांकून टाकलें, पाय ठेवावयास सपाट जागा केली, आणि पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूनें धरलें. नळ्यांचा सांगाडा करून त्यावर पत्रा चढविण्याऐवजीं दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचेंच अंग केलें, आणि सारा भार त्या अंगावरच घातला. ही १९४६ सालची व्हेस्पा. आपल्या शेजारच्या वर्ध्याशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याच्या कंपनीनें पुढें परवाना घेऊन हीच गाडी भारतांत तयार केली, आणि १९७२ पासून तिला राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव दिलें. पेट्रोलवर चालणारी चेतक पुढें बंद झाली. २०२० पासून त्याच नांवाची विजेची गाडी निघाली आहे. तिचें अंगही पत्र्याचेंच आहे.

यावरून ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, चेतकचे दोन बाजूंचे दोन डोम म्हणजे नुसतीं झांकणें होत. उजव्याखालीं यंत्र, डाव्याखालीं सामान ठेवावयाची जागा. त्यांना कितीही पोचे आले तरी गाडीच्या चालीवर परिणाम होत नाहीं. परंतु पाय ठेवावयाची जागा, तिच्या मधोमध मागें जाणारा उंचवटा आणि शील्ड जेथें त्याला मिळते तो सांधा, हें हाड आहे. तेथें सुरकुती दिसली किंवा सांध्यांत रंग तडकलेला दिसला, तर ती रंगाऱ्याकडे नेण्याची गाडी नव्हे. रिकाम्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवून ती एका अंगाला ओढते काय, हॅन्डल सरळ धरल्यावर चाकही सरळ राहतें काय, ब्रेकचा दांडा पूर्ण परत येतो काय, आणि रात्रभर उभी ठेवल्यावर खालीं पेट्रोलचा अगर तेलाचा डाग पडतो काय, इतकें पाहिल्यावांचून रंगाची गोष्टच काढूं नये. आमच्या गाडीचें हाड शाबूत निघालें.

दारव्हा रस्त्यावर पत्रा ठोकण्याचें आणि रंगाचें काम करणारा एक कारागीर आहे. तो माझ्याच हाताखालीं सातवी शिकला. भूमितीशीं त्याचें कधीं पटलें नाहीं आणि त्यामुळें माझ्याशींही पटलें नाहीं. मी नातवाला बरोबर घेऊन त्याच्याकडे गेलों. त्यानें गाडी पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, रंग आज देणार नाहीं. गंज खरवडून अस्तर मारून देतों. रंग दिवाळीनंतर." मला वाटलें, कामाची टाळाटाळ चालली आहे; परंतु त्याचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. फवाऱ्याच्या रंगांत जो थिनर असतो तो उडून जातांना पृष्ठभाग एकदम थंड करतो. हवा दमट असली म्हणजे त्या थंड पृष्ठभागावर दंव धरतें आणि रंगावर पांढुरकी छाया येते. उलट आपल्याकडील वैशाख-ज्येष्ठांत रंग गाडीवर पोहोंचण्यापूर्वींच अर्धा वाळतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो. म्हणजे वऱ्हाडांत या कामाला कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचाच काळ खरा. आणि नेमके तेच दिवस जिनिंगचे, म्हणजे कापसाचें तूस हवेंत उडण्याचे! त्यावर तोडगा म्हणून हा कारागीर जमिनीवर पाणी शिंपडतो, दाराला ओला पडदा लावतो आणि सकाळची दहिंवर गेल्यावर, अकराच्या सुमारास, काम सुरू करतो.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां गेलों. पोचा काढण्याची क्रिया मीं प्रथमच जवळून पाहिली. ज्यांनीं तांबटाला घागर नीट करतांना पाहिलें असेल त्यांना ती लगेच समजेल. पोच्याच्या मध्यावर हातोडी घालणें ही अडाण्याची पद्धत. धातु आंत जातांना ज्या क्रमानें गेला, त्याच्या उलट क्रमानें त्याला बाहेर आणावयाचें असतें. म्हणजे पोच्याच्या कडेचा उंचवटा प्रथम आणि खोल मध्य सर्वांत शेवटीं. बाहेरून लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरावयाचा आणि आंतून हलक्या हातानें ठोके द्यावयाचे. तांबट ज्याला मठारणें म्हणतात तेंच हें. जोराचे ठोके बसले म्हणजे पत्रा पसरतो, आणि पसरलेल्या पत्र्याला पूर्वीच्या जागेंत मावतां येत नाहीं. मग तो तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळासारखा बोटानें दाबतांच आंत-बाहेर टपटप वाजूं लागतो. असें झालेंच तर त्या जागीं बोटाच्या पेराएवढा ठिपका आंचेनें लाल करून लगेच ओल्या फडक्यानें निववितात. त्यानें पत्रा आवळतो.

ठोकण्यापूर्वीं त्यानें डोमवरचा रंग खरवडावयास घेतला, आणि येथें माझी फजिती झाली. पोच्याच्या थोडें मागें पातीचा आवाज बदलला. त्यानें पातें जरा खुपसलें, तों हाताच्या पंजाएवढी लांबीची खपली निघून खालीं पडली. ती चांगली करंगळीइतकी जाड होती. खालीं एक जुना, खोल, न ठोकलेला पोचा, आणि त्यांत गंज. कारागीर म्हणाला, "गुरुजी, ही गाडी पूर्वींही याच अंगावर पडलेली आहे. कोणीतरी पोचा न काढतां नुसती लांबी भरून दिली." नातू माझ्याकडे पाहूं लागला.

श्रोतेहो, तो कोणीतरी मीच होतों. १९९८ सालीं कळंबहून चिंतामणीचें दर्शन घेऊन परत येतांना एक शेळी आडवी आली आणि मी पडलों. गाडी घेण्यासाठीं घरांतील दोन दागिने मोडले होते. त्यामुळें झालेला प्रकार घरीं सांगण्याचा धीर झाला नाहीं. परगांवीं एका दुकानांत घाईनें डोम रंगवून घेतला आणि घरीं सांगितलें कीं, दसऱ्यासाठीं नवा रंग दिला. सत्तावीस वर्षें ती गोष्ट त्या लांबीखालीं होती. मीं ती तेथेंच, त्या दोघांसमोर सांगितली. नातू प्रथम हंसला, मग एकदम गप्प झाला. परत येतांना मीं त्याला सांगितलें कीं, आज रात्रीं मी तुझ्या आजीलाही सांगणार आहें. आणि तसें सांगितलेंही. ती भाकरी थापीत होती. मान वर न करतां म्हणाली, "मला तेव्हांच ठाऊक होतें. पायजम्याचा गुडघा कोणी रफू केला होता?"

हें असो. लांबीविषयीं मात्र दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हल्लींची लांबी दोन पदार्थ कालवून करतात. ती कांहीं मिनिटांत घट्ट होते, आणि पत्रा ठोकून जवळजवळ पूर्ववत् केल्यावर उरलेली बारीक उंचसखल जागा भरण्यापुरतीच ती असते. दोन-तीन मिलिमीटरांहून जाड थर घातला कीं तो आज ना उद्यां तडकणार. दुसरें असें कीं ती पाणी शोषून घेते. म्हणून ती कोरडीच घांसावी आणि उघडी ठेवूं नये. आमच्या डोममधील गंज त्या मार्गानेंच आला होता.

घांसण्याचे कागद त्यांच्या पाठीवरील आंकड्यांवरून ओळखावे. आंकडा लहान तितका कागद खरखरीत. रंग-गंज काढावयास ८० किंवा १२०, लांबी सारखी करण्यास २२०, अस्तरावर पाण्यांत भिजवून ४०० ते ६००, आणि शेवटीं चकाकी आणावयास १५०० आणि २०००. मधल्या पायऱ्या गाळल्या तर खरखरीत कागदाचे चरे रंगाखालून आठवड्यानें वर दिसूं लागतात. जुना रंग आणि उघडा पत्रा यांच्या मधली कड इतकी निमुळती व्हावी कीं नखाला तिथें ठेंच लागूं नये.

मी चष्मा पुसून पुसून पाहत होतों. मला सर्व सपाट दिसत होतें. कारागीर म्हणाला, "गुरुजी, डोळे मिटा आणि तळवा फिरवा." मीं तसें केलें, आणि खरोखर, डोळ्यांना न दिसलेला खोलगटपणा हाताला कळला. त्यानें तेथें खडूनें वर्तुळ काढलें. मग नळीच्या दिव्याचें प्रतिबिंब त्या ओल्या पृष्ठभागावर पाडून दाखविलें. दिव्याची सरळ रेघ त्या वर्तुळांत वांकत होती. भूमितींत नापास होणारा मुलगा मला वक्रतेचा धडा देत होता. ज्या तळहातानें तो पृष्ठभाग पारखीत होता, त्यावर मीं एकेकाळीं छडी मारलेली आहे. त्याला तें आठवतें कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं.

आतां रंग. जुने कारागीर फवाऱ्याच्या रंगाला अजून ड्यूको म्हणतात. हें मूळ एका अमेरिकन रंगाचें नांव. मोटारीला पूर्वीं ब्रशानें रोगणाचे थरावर थर द्यावे लागत आणि ते वाळावयास आठवडे जात. १९२३ च्या सुमारास ड्यूको आला, आणि तेंच काम तासांवर आलें. या रंगाचा प्राण नायट्रोसेल्युलोज, आणि तें होतें कापसापासून! सरकीला चिकटून राहणारें जें आंखूड तूस, त्यावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून तें तयार होतें. याचा शोध बाझल येथील शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें १८४६ च्या सुमारास लावला. सांडलेलें आम्ल त्यानें पत्नीच्या सुती एप्रननें पुसलें, तें चुलीजवळ वाळत घातलें आणि तें भप्‌कन पेटून नाहींसें झालें, अशी आख्यायिका सांगतात. तीव्र क्रिया केली कीं बंदुकीची दारू, सौम्य केली कीं मोटारीचा रंग. आपल्या जिल्ह्यांत कापसाच्या गांठी मोजण्यांत आयुष्यें गेलीं. पण स्कूटरवरची चकाकीही त्याच कुळांतली आहे, हें मला पासष्टाव्या वर्षीं कळलें. अर्थात् या कुळाचा स्वभाव ध्यानांत ठेवून त्या रंगाजवळ आणि त्याच्या थिनरजवळ विस्तव, बिडी, उघडा दिवा कांहीं नसावें.

हल्लीं याहून टिकाऊ, दोन भाग मिसळून करावयाचे रंग निघाले आहेत. चकाकीला ते सरस आहेत. परंतु त्यांच्या फवाऱ्यांतील द्रव्यांनीं दम्यासारखा विकार जडूं शकतो आणि त्यापुढें तोंडाला बांधलेला रुमाल कुचकामाचा आहे. स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा नसेल त्यानें त्या रंगाच्या वाटेस जाऊं नये. आमच्या कारागिराजवळ तो मुखवटा नाहीं, म्हणून तो जुन्या रंगावरच काम करतो. त्याच्या या हट्टामुळें कांहीं गिऱ्हाइकें तुटलीं, असें तो सांगतो. मला तो हट्ट पसंत आहे.

रंग जुळविणें हें सर्वांत कठीण. तीस वर्षें उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग डब्यावरच्या नांवाशीं जुळत नाहीं. तो नव्यानें मिसळावा लागतो, आणि ओला असतांना न जुळवितां एका पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वाळवून, दिवसाच्या उजेडांत जुळवावा लागतो. तरीही मधोमध ठिगळ दिलें तर तें दिसतेंच. म्हणून पोच्यापुरता रंग न देतां सबंध डोम कडेपर्यंत रंगवावा. डोळा एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जातांना सांध्याच्या फटीपाशीं थोडा फरक क्षमा करतो. सबंध गाडीचा रंगच बदलण्याचा मोह मात्र धरूं नये. गाडीच्या नोंदणीपत्रांत रंग लिहिलेला असतो. तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयांत जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

ज्यांच्या गाडीचें अंग प्लॅस्टिकचें आहे, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्लॅस्टिकला ठोकतां येत नाहीं. झांकण काढून त्याच्या आंतल्या बाजूचीं अक्षरें वाचावीं. तेथें पीपी असेल तर तें पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग धरत नाहीं, सालीसारखा निघतो, आणि त्यासाठीं निराळें अस्तर लागतें. एबीएस असेल तर रंगही धरतो आणि तडा सांधतांही येतो. अक्षरें नसल्यास तुटलेला कपचा पाण्यांत टाकून पाहावा. पहिलें तरंगतें, दुसरें बुडतें. हा प्रयोग मुलांना अवश्य दाखवावा.

विम्याविषयीं इतकेंच कीं, कायद्यानें सक्तीचा जो विमा आहे तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीचाही विमा असला तरी किरकोळ ओरखड्यासाठीं मागणी करण्यापूर्वीं हिशेब करावा. प्लॅस्टिकच्या भागांची सामान्यतः निम्मीच किंमत मिळते. शिवाय वर्षभर कांहीं न मागितल्याबद्दल पुढील हप्त्यांत जी सूट मिळते, ती वीस टक्क्यांपासून वाढत वाढत पन्नासपर्यंत जाते. ती एका मागणीनें जाते.

आमचें काम चार दिवसांत झालें. डोमचे दोन्ही पोचे निघाले, शील्डवरची रेघ गेली. फूटबोर्डाच्या टोंकाशीं एक जुना लहानसा पोचा होता. कारागीर म्हणाला, तो काढावयाचा तर तेथील पट्टी उखडावी लागेल, आणि सरळ पट्टी पुन्हां सरळ बसेल अशी हमी नाहीं. म्हणून तो राहूं दिला. पैसे घेतांना त्यानें थोडी खळखळ केली. शेवटीं मालाचे आणि नातवाच्या वर्तमानपत्रावर लिहून दिलेल्या हिशेबाप्रमाणें मजुरीचे घेतले. निघतांना त्यानें नातवाला बजावलें कीं रंग हाताला वाळलेला लागला तरी आंतून मुरावयाचा आहे. एक महिना मेण लावावयाचें नाहीं, वर चादर टाकावयाची नाहीं आणि पक्ष्याची विष्ठा दिसली तर लगेच पाण्यानें धुवावयाची. मुलगा रोज सकाळीं उठून डोम पाहतो आणि मेणाची डबी आणूं काय म्हणून विचारतो. अद्याप नऊ दिवस आहेत.